भुऱ्याच्या छातीतली फौज

तुमच्या घरात कधी कुत्रं आजारी पडलंय का हो? न्हाई ना? मंग बसा, ऐका... आमचा भुऱ्या, टेंभुर्णीच्या बाजारातून माझ्यामागं चालत आलेलं पिल्लू, आता घरातलाच झालाय, तो हप्ताभर खोकून राह्यला, नाक गळून राह्यलं, भाकरीला तोंड लावंना, बरगड्या नुसत्या लोहाराच्या भात्यासारख्या... आन् आमचे हे बाजेवरून म्हणतात, "कुत्रंच हाय ते, जगंल न्हाई तर मरंल!" तुम्हाला सांगते, खोकतंय कुत्रं आन् दमते मी!

सासूबाईंना मात्र कळवळा. "आगं, बाळंतिणीच्या खोलीतली धुरी दे त्याला, बराबर होतंय!" मंग काय, ह्यांना उठवलं, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा, लसणाची सालं, वावडिंग, बाजेवर भुऱ्या, त्याच्यावर माझं जुनं लुगडं! घरात असा धूर, की कोण कुठं तेच दिसंना. तेवढ्यात गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, मीच निरोप धाडल्ता. सासूबाई खोकतात, हे खोकतात, मी खोकते... डॉक्टर दारातूनच, "पेशंट कोणता?"

आधी शेगडी अंगणात नेली त्यांनी. मंग भुऱ्याच्या छातीला नळी लावली. "बाई, फुप्फुसात विषाणू शिरलाय. त्याला मारायची सुई माझ्याजवळ नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फौजेसारख्या तिथं धावल्यात, लढतील तर त्याच. हा ताप, हा खोकला त्या लढाईचाच. धुरानं त्यांचं काम वाढतं! ऊब द्या, पाणी द्या, आराम द्या. जिंकल्या, तर ह्या विषाणूला पुन्हा विसरायच्या नाहीत."

म्हणजे आमच्या सासूबाईच की! माझ्या रुखवतातलं लोणचं खारट होतं, ते त्या आजून बिलकुल विसरल्या न्हाईत.

"आन् न्हाई जिंकल्या तर?" मी विचारलं. डॉक्टरांनी नळी गुंडाळून पिशवीत टाकली आन् पाण्याची वाटी भुऱ्याच्या तोंडापाशी सरकवली.

मंग काय, पाणी पाजा, डोळे पुसा, गोधडी सारखी करा. भुऱ्याशी कुणी बोलायचं न्हाई, त्याला आराम पाह्यजे. माझ्याशी मात्र सगळेच बोलून राह्यले! हे म्हणतात, "च्या झाला का?" सासूबाई म्हणतात, "पीठ मळलं का?" खोकतंय कुत्रं आन् दमते मी... तशी धुरानं मीबी खोकतच होते म्हणा, पण मला कोण नळी लावतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी भुऱ्या उठला, वाटीभर ताक प्याला आन् अंगणात उन्हाला जाऊन झोपला. मी खोकत खोकत भांडी घासायला बसले.