तिसऱ्या वळणावरची खडी

परक्यांचे बोलणे ऐकणे मला शोभत नाही; पण गॅरेजच्या बाकावर कान मिटता येत नाहीत. शेजारी काका-पुतणी नकाशा पसरून बसले होते.

"पणजोबांनी बैलगाडी हाकली, आजोबांनी ट्रक, बाबांनी ही मोटरसायकल. आता माझी पाळी, काका."

"लायसन्स हातात पडून आठ दिवस झाले, आणि बाईसाहेब घाटात निघाल्या!"

"हमरस्ता टाळलाय. तळ्याकाठचा आडरस्ता घेतलाय. किती सुंदर आहे!"

"नकाशात चढ दिसत नाही. तिसऱ्या वळणावर खडी आहे. तिथंच तुझा बाप गेला."

"म्हणून तर जायचंय. ती जागा मी अजून पाहिलेली नाही."

"एकटी जायचं नाही."

"तुम्ही तर त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाहीत."

"लहानपणी मी तापानं फणफणलो, तेव्हा दादानं मला पाठीला बांधून त्याच घाटातून दवाखान्यात नेलं होतं. मेस्त्री, मला एखादी गाडी द्या. मी पुढं राहीन."

मेस्त्रीने आमची मोटार रखडवली, म्हणून पुढच्या सोमवारीही मी तिथेच होते.

"वळणावरची सगळी खडी हातांनी बाजूला केलीत, काका. बोटं बघा कशी सोललीत!"

"सोलू देत. तू वर पोचलीस, धडधाकट परत आलीस. दादाचं देणं फिटलं."