दोरी ओलांडून फ्लास्ककडे धावलेल्या नणंदेबाबत

जबाब देणाऱ्या बाई, वय ४१ वर्षे, धंदा अत्तरांसाठी अर्क बनवणे, राहणार प्रयोगशाळेच्याच इमारतीत, वरचा मजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, तळमजल्यावर माझी छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे मी व माझी धाकटी नणंद अशा दोघीच काम करतो. रसायन माझ्याकडे, नाक तिच्याकडे.

संत्र्याच्या सालीच्या तेलातून मिळणाऱ्या एका द्रव्याला ग्रेपफ्रूट या आंबटकडू फळाचा वास आणायचा आमचा प्रयत्न आहे. त्या द्रव्याच्या रेणूत कार्बनला चोवीस हायड्रोजन चिकटलेले असतात. एका ठराविक कार्बनवरचे दोन काढून तिथे ऑक्सिजन बसवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही, एवढेच काम आहे. पण ऑक्सिजन दिसेल तिथे तोंड घालतो आणि जुन्या वार्निशचा वास सुटतो. हे तीन वर्षे चालले आहे.

काल सकाळीही तेच झाले. नणंदेने दुसऱ्या शहरात नोकरी धरली होती व संध्याकाळच्या गाडीने ती निघणार होती. त्यावरून दोन दिवस आमचे बोलणे बंद होते. कोण काय बोलले ते घरगुती असल्याने इथे घेऊ नये.

सकाळचा घाण वास जिन्याने वर गेला. शेजारच्या शिंपीकाकांना गॅस गळतोय असे वाटून त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला. जवानांनी सगळ्यांना रस्त्यावर काढले, दोरी बांधली, खिडक्या उघडल्या व वीज तोडली. आत दुसरा फ्लास्क नव्या उत्प्रेरकावर चालू होता. वीज गेल्याने त्याचे ढवळणे व भोवती बर्फाचे पाणी फिरवून थंड ठेवणे दोन्ही बंद पडले. मी जवानांच्या प्रमुखांना म्हटले, "फ्लास्क मुठीएवढा आहे, स्फोट वगैरे होणार नाही. पण वेळेत थांबवला नाही तर सगळं वाया जाईल." ते म्हणाले, "बाई, तपासणी होईतो कोणी आत जायचं नाही." त्यांचे बरोबरच होते.

नणंद बॅग घेऊन फुटपाथच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. मला सर्दी होती, त्यामुळे खिडकीतून काय येत होते ते मला कळले नाही. ती एकदम ओरडली, "वहिनी! ग्रेपफ्रूट! अगं थांबव, पुढे जाईल!" दोन दिवसांनी तिने मारलेली ही पहिली हाक. मी "कशी थांबवू?" म्हणेपर्यंत तिने बॅग शिंपीकाकांच्या हातात कोंबली व दोरीखालून आत पळाली. दोरीपाशी बंदोबस्ताला असलेले हवालदार आडवे आले, त्यांना तिचे कोपर लागले व त्यांची टोपी गटारात गेली. हवालदारांना ढकलण्याचा हेतू नव्हता. तिला फ्लास्क दिसत होता, हवालदार दिसत नव्हते.

थोड्या वेळाने ती फ्लास्क घेऊन बाहेर आली, मागोमाग दोन जवान. ऑक्सिजन देणारे द्रव्य निकामी करणारे पाणी तिने त्यात ओतले होते. म्हणाली, "थांबवलं. एकदम नेमकं, वहिनी! वार्निशचा मागमूस नाही." मी हुंगले, मला काहीच आले नाही. मी रडले असे शिंपीकाकांनी सांगितले असल्यास, ती सर्दी होती. मग सगळ्यांनी हुंगले. प्रमुखांनी दोनदा. हवालदार टोपी पिळत म्हणाले, "हे तर नुकतं सोललेलं फळच की हो!" आज सकाळी यंत्रावर तपासले. तिचे नाक बरोबर होते.

दोरी ओलांडली हे आम्हाला मान्य आहे. हवालदारांना नवी टोपी देण्यास मी तयार आहे, पण ते नको म्हणतात.

नणंदेची कालची गाडी चुकली. आजच्या गाडीचे काय, हे मी तिला विचारलेले नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे. मी आत येताना तिने विचारले, "उद्याचा बर्फ सकाळीच मागवू ना?" मी हो म्हटले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. 'ग्रेपफ्रूट' दोन ठिकाणी 'द्राक्ष' असे लिहिले गेले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच व खरे आहे. सही केली.