फाटक कोणाच्या हुकमाने

...नाही हो, तुमच्या रवानगीच्या कागदावर सही करतोच—बसा तुम्ही, कॅप्टन. परवा निघायचंय ना? मग पाच मिनिटं ऐका. शांतिसेनेत जाणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवायलाच तर निवृत्तीनंतर मला या खोलीत बसवलंय. आमच्या वेळी हुकूम सुटला की माणसं पळायची. तिकडे शांतिसेनेत गेलो, तर हाताखाली चार देशांच्या तुकड्या, आणि प्रत्येक सरकारची वेगळी यादी—आमचे जवान हे करणार नाहीत, ते करणार नाहीत. एकांचे अंधारात गाडी चालवणार नाहीत, दुसऱ्यांचे नदी ओलांडणार नाहीत. नावाला कमांडर मी, काम लग्नघरातल्या थोरल्या काकांचं—हा रुसला, त्याची समजूत काढ. शिकलो तेही. गोड बोलायला लागलो. बायको म्हणाली, हे तीस वर्षांपूर्वी शिकला असतात तर?

तर, एके सकाळी छावणीच्या फाटकाबाहेर अख्खं गाव. बायका, म्हातारे, डोक्यावर गाद्या. मागून बंदूकवाले येतायत, आत घ्या म्हणत होते. फाटकावर दुसऱ्या देशाची लेफ्टनंट—असेल तुमच्याच वयाची. तिच्या यादीत स्वच्छ लिहिलेलं—राजधानीला विचारल्याशिवाय बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही. मग मी काय केलं? फोन लावला तिच्या राजधानीला. पद्धतच ती. साहेब बैठकीत होते. मी थांबलो. तिनं माझ्याकडे पाहिलं—बराच वेळ पाहिलं—आणि कुलूप काढलं. सगळे वाचले. एकूण एक.

वर्गात मी इथेच थांबतो. टाळ्या पडतात.

पुढे काय व्हायचंय? तिच्या सरकारनं लेखी विचारलं, फाटक कोणाच्या हुकमानं उघडलं? मी लिहिलं, माझा हुकूम नव्हता. खरं तेच लिहिलं, अक्षर खोटं नाही. तिला घरी पाठवलं, नोकरी गेली. 'मी सांगितलं होतं' एवढं लिहिलं असतं तर काय झालं असतं? माझी बढती अडली असती. ती मिळाली. सही करायला मी कधीच उशीर केला नाही.

असं का बघताय? ती पण असंच—

आणा तो कागद. कुठे, इथे? घ्या. निघा आता, बाहेर पुढचा खोळंबलाय.