मुक्तारामाला कळेना

मंडळी, ऐका! टाळ जुळले, मृदंग लागला, आता जरा कान जुळू द्या. मागच्या बायांनो, पुढं सरका. खांबाच्या आडोशाला झोप चांगली लागते हे मला ठाऊक आहे, पण आजचं आख्यान झोपेतून ऐकायचं नाही.

आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. प्रश्न सोपा आहे — एखादी गोष्ट आपल्याला कळतच नाही! असं आहे की तसं आहे, काही पत्ता लागत नाही. अशा वेळी माणसानं काय करावं? बोला की! हे पहिल्या रांगेतले आजोबा म्हणतात, गप्प बसावं. छान! मास्तर म्हणतात, खात्री होईपर्यंत थांबावं. त्याहून छान! शहाणी माणसं हेच सांगतात. आमचा मुक्तारामही हेच सांगत होता. आणि हेच सांगता सांगता त्याच्या घरात काय होऊन बसलं असतं, ते आता ऐका. म्हणा — विठ्ठल!

बालाघाटाच्या पायथ्याला एक गाव. गावात मुक्तारामाची पिठाची गिरणी. बाई दळणाचा डबा खाली ठेवते न ठेवते तोच मुक्ताराम गिरणी सुरू करायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा — पट्टा ढिला पडलाय, दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावायला झालीय, नाहीतर बाई, तुझी ज्वारी ओली आहे, घेऊन जा आणि उन्हात टाक. एवढा कान तयार! आणि एक दिवस त्याच्या स्वतःच्या छातीत खरखर सुरू झाली. आवाज ओळखला का त्यानं? छे! म्हणाला, गॅस झालाय.

गॅस म्हटल्यावर गाव काय स्वस्थ बसतंय? एकजण ओवा घेऊन आला, एकीनं लिंबू पिळलं, कुणी पाठ चोळली, कुणी म्हणालं दृष्ट लागली. हा घामानं निथळतोय, डावा हात जड पडलाय, आणि तरी म्हणतो — एवढं दळण काढतो आणि मग पडतो जरा. पडला की! गिरणीच्या तोंडाशीच पडला! त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, आरडाओरडा करून गाडी आणली. तालुक्याला डॉक्टरीणबाईंनी हात लावला, पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं, बंद पडलेल्या नळीत स्प्रिंग बसवली, आणि मुक्ताराम परत आला. देवाची कृपा आणि द्वारकाबाईचा आवाज — दोन्ही सोबत होती म्हणून आला.

मंडळी, तुम्हाला वाटेल, वाचला, संपलं आख्यान, प्रसाद वाटा! नाही हो. खरं आख्यान घरी आल्यावर सुरू झालं.

पहिल्या वेळी हृदयाचं दुखणं होतं, तर हा म्हणाला गॅस. आता होतो गॅस, आणि हा म्हणतो हृदय! ढेकर आली, तरी हात छातीवर. कुशीवर वळताना बरगडीत चमक निघाली, तोंडचं पाणी पळालं. जिना चढून धाप लागली — ही साधी धाप की ती धाप? जेवल्यावर धडधड झाली — ही पोटाची की वरची? अहो, भाड्याच्या घरात राहणाऱ्यालासुद्धा कळतं कुठला नळ गळतोय. आणि हा स्वतःच्या देहात जन्मापासून राहतोय, याला काही कळेना!

त्यात भेटायला येणारी माणसं! तुम्ही आम्हीच की हो! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज थोडं चाला, हळूहळू वाढवा. पाहुणे म्हणाले, चालू नका, स्प्रिंग हलेल. एकजण म्हणाला, डाव्या कुशीवर झोपू नका. दुसरा म्हणाला, हसू नका फार. तिसरा चहा पिता पिता म्हणाला, आमच्या साडूला असंच झालं होतं, तो तर गेला. आता सांगा, असल्या पाहुण्याला चहा द्यावा का?

आणि एक गोष्ट त्याला कुणीच सांगितली नव्हती. छाती दुरुस्त होते तेव्हा मन कच्चं होतं. टीव्हीवर कुणाच्या तरी लग्नाची वरात दिसली, आणि मुक्तारामाच्या डोळ्यांना धारा! मुलगा बालाजी आता गिरणी बघत होता. त्यानं पट्टा जरा चुकीचा ओढला, तर हा भांडं फेकून मारायला उठला. मग दिवसभर तोंड लपवून बसला. मी असा नव्हतो, मला झालंय काय, असं स्वतःलाच विचारत राहायचा. कुणाला सांगायची लाज वाटायची. मंडळी, छातीतली कळ माणूस चारचौघांत सांगतो, पण रडू येतं हे सांगत नाही. का सांगत नाही, ते त्याचं त्यालाच माहीत.

अशात एकदा खूप दुखलं म्हणून तालुक्याला धावले. काढला छातीचा आलेख. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं नाही, पोट फुगलंय. काही दिवसांनी पुन्हा धावले. निघालं काय? तेलाचा डबा उचलला होता, त्यानं स्नायू आखडला होता! बाई हसल्या नाहीत बरं का. म्हणाल्या, शंका आली की या, घरी बसून ठरवू नका. पण गाव हसायचं राहतंय थोडंच! पारावर बसलेली मंडळी विचारायला लागली, काय मुक्ताराम, आज कुठला झटका? बालाजीसुद्धा वैतागला. पोराचंही काय चुकलं? गिरणी बंद करून गाडी काढायची, आणि तिथं जाऊन निघतो गॅस!

मग मुक्तारामानं शहाण्या माणसाचा निर्णय घेतला. आता गप्प बसायचं. खात्री झाल्याशिवाय कुणाला बोलायचंच नाही. हे त्याचं ठरलं. लक्षात ठेवा.

आता या घरातल्या दुसऱ्या माणसाकडं बघू. त्या माणसाकडं कुणीच बघत नव्हतं, म्हणून आपण बघू. द्वारकाबाई!

नवरा दवाखान्यात होता तेव्हा हिनं महादेवाला बोलून टाकलं होतं — यांच्या हातानं गिरणी पुन्हा सुरू होऊ दे, तोवर मी एकवेळच जेवीन आणि सोमवारी निरंकार राहीन. झालं! नवऱ्याच्या छातीसाठी बायको उपाशी. त्याच्यासाठी बिनमिठाचं वेगळं शिजवायचं, त्याच्या गोळ्या सांभाळायच्या, त्याला फिरायला न्यायचं, वर गिरणीतली झाडलोट. दमायची. बसली की उठवत नसे. पण कुणी विचारलं की उत्तर तयार — उपासाचं आहे, पित्त झालंय. आणि मंडळी, बाई पित्त म्हणाली की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. पुढं कुणी विचारत नाही!

असाच एक सोमवार. सकाळची वेळ. दोघं नेहमीसारखे महादेवाच्या देवळापर्यंत चालत निघाले. रोज द्वारकाबाई पुढं आणि मुक्ताराम मागं मागं. त्या दिवशी उलटं झालं. हा पुढं गेला, वळून बघतो तर ही मागं राहिलेली. त्याला आधी रागच आला. मी आजारी, आणि रखडतेय ही! मग बघितलं, ती पाराच्या कडेला टेकली होती. कपाळावर घाम. उन्हं अजून वर आली नव्हती, आणि घाम!

त्यानं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, पित्त आहे, मळमळतंय.

पारावरच्या बाया जमल्या. एकीनं ओवा आणला. एकीनं लिंबू पिळलं. कुणीतरी पाठ चोळायला लागलं. बिनपाण्याचा उपास करता, मग होणारच की, असं म्हणत सगळ्यांनी मिळून द्वारकाबाईचं दुखणं ठरवूनसुद्धा टाकलं.

मुक्ताराम बघत उभा राहिला. ओवा बघितला, लिंबू बघितलं — गिरणीत त्याच्यासाठीही हेच आलं होतं. पण तो काय म्हणणार? तो खाली वाकला आणि हळूच विचारलं, "छातीत दुखायलंय का?"

"न्हाई. छातीत काई न्हाई. पाठीत भरून आलंय, अन् दाढंत ठणका लागलाय. तुमी बसा बगू, तुमचीच छाती धडधडंल."

झाला का घोटाळा! त्याचं दुखणं छातीत होतं. त्याचा हात जड पडला होता. हिचं पाठीत आणि दाढेत! दाढेचा आणि हृदयाचा काय संबंध? मग हे पित्तच असणार. पण मग घाम का? उपासानं येत असेल. पण मग ओठ असे पांढरे का? त्याच्या डोक्यात सगळी चक्रं उलटसुलट फिरायला लागली. खिशात त्याची स्वतःची जिभेखालची गोळी होती. हात तिकडं गेला. गोळी द्यावी का? पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ही तुमच्यासाठी, दुसऱ्याला द्यायची नाही. देऊन वाईट झालं तर? न देऊन झालं तर? हात तसाच खिशात राहिला.

आणि अशा वेळी त्याच्या स्वतःच्या छातीत धडधड सुरू झाली! आता हे काय? ही भीती, की आपलाच दुसरा झटका? आजारी नक्की कोण आहे? मंडळी, हसू नका. त्या माणसाला त्या घडीला खरोखर कळत नव्हतं की पारावर मरायला टेकलंय कोण, ती का तो!

बालाजी गिरणीतून धावत आला. मायकडं बघितलं, आबाकडं बघितलं. त्याला वाटलं, आबांनाच पुन्हा काहीतरी झालं. बायांनी सांगितलं, नाही रे, माय उपासानं गळाली. मग तो म्हणाला, घरी नेतो, दूध पाजतो, पडू दे तासभर. बोलणं किती समजूतदार! आणि द्वारकाबाईनंही मान हलवली. नवऱ्याचा हात धरून म्हणाली, "माज्यापायी पुन्ना हसं करून घेऊ नका."

आता थांबा. मृदंगवाले बुवा, हात जरा थांबवा.

खात्री नाही. दोनदा धावून दोनदा खोटा पडलेला माणूस. स्वतःचा देह ज्याला कळला नाही, त्याला बायकोचा कळणार? गाव बघतंय. पोरगा वैतागलेला. आणि जिच्यासाठी बोलायचं, तीच म्हणते बोलू नका. शहाणपणाचं काय होतं? गप्प बसणं! आणि बसला असता तो गप्प. तोंडाशी आलं होतं, चला घरी. पण तिनं धरलेला हात त्याला लागला. तो हात गार होता, आणि ओला होता. त्यावरून काय समजायचं तेही त्याला माहीत नव्हतं.

तो बालाजीला म्हणाला, "गाडी काढ."

"आबा, पण नक्की काय झालंय मायला?"

"मला कळंना. कायबी कळंना मला. तू गाडी काढ."

असं म्हणता म्हणता त्याला रडू फुटलं. सगळ्या गावासमोर! ज्या रडण्याची महिनोन्महिने लाज वाटत होती, ते पारावर उघड्यावर आलं. आणि ते बघून बालाजी काही न बोलता पळाला आणि गाडी घेऊन आला.

तालुक्याला पोचले. मुक्ताराम पुढं आलेला बघून दवाखान्यातली पोरं त्यालाच खाटेवर झोपवायला लागली! नेहमीचं गिऱ्हाईक ना! तो म्हणाला, मला नाही, हिला. काढला आलेख. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि त्यांचा आवाज बदलला. खाट आत गेली, दार लागलं, माणसं धावायला लागली. मुक्ताराम भिंतीला टेकून बसला. आपली छाती धडधडतेय का बंद पडलीय, हे बघायचंही त्याला सुचलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच!

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, हृदयाचाच झटका होता, वेळेत आलात, पुढं पाठवावं लागेल, पण द्वारकाबाई शुद्धीवर आहेत. बायकांचं पुष्कळदा असंच असतं, छातीत दुखतच नाही. पाठ, जबडा, मळमळ, थकवा. घरोघरी पित्त म्हणून निजवतात. मग त्यांनी मुक्तारामाला विचारलं, "त्या तर छातीत काहीच नाही म्हणत होत्या. तुम्ही ओळखलंत कसं?"

मंडळी, आता या माणसाला मोठेपणा घेता आला असता. मी स्वतः भोगलंय, मला कळतं, असं म्हणाला असता तर पारावरच्या तोंडांना कुलूप लागलं असतं. पण तो काय म्हणाला?

"ओळखलं न्हाई, बाई. मला कळलंच न्हाई. कळलं न्हाई, म्हनून तर आनलं."

विठ्ठल! विठ्ठल!

हे आहे उत्तर, आजोबा. हे आहे उत्तर, मास्तर. आपण काय करतो? कळत नाही म्हणून थांबतो! तो कळत नाही म्हणून निघाला. वेदना कुणाची, कुठली, कशाची हे ठरवायचं काम आपलं नाही, त्याला जाणती माणसं बसलीत. आपलं काम एवढंच, त्यांच्या दारापर्यंत जायचं. आणि खोटं निघालं तर? निघू द्या! हसू द्या गावाला. हसण्यानं आजवर कुणी मेलेलं नाही.

द्वारकाबाई घरी आली. आता त्या घरात दोन गोळ्यांचे डबे, आणि दोन घाबरलेली माणसं. हिला ढेकर आली की तो दचकतो. त्याला धाप लागली की ही दचकते. अजूनही दोघांना धड काही कळत नाही, म्हणून विचारतात एकमेकांना, आणि शंका राहिली तर जातात. व्रताचं काय केलं म्हणता? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उपाशी राहायचं नाही. मुक्ताराम तिला धरून महादेवापुढं घेऊन गेला आणि म्हणाला, देवा, ही माझ्यासाठी जे बोलली ते मी माघारी घेतो, काय रागवायचं ते माझ्यावर रागव. महादेव रागावला का? अहो, बायकोला उपाशी ठेवून नवरा जगवणारा देव मी तरी अजून बघितला नाही.

आता तुमच्याकडं वळतो. पुरुष मंडळी, खाली बघू नका, माझ्याकडं बघा. तुमच्या नावानं तुमच्या घरात कोण उपाशी आहे? सोमवार कुणाचा, शनिवार कुणाचा, कुणाच्या परीक्षेसाठी, कुणाच्या नोकरीसाठी, कुणाच्या छातीसाठी? तिच्या दुखण्याला तुमच्या घरात काय नाव आहे? पित्त! थकवा! वय! आणि बायांनो, तुम्हीही काही कमी नाही. नवऱ्याला शिंक आली तर डॉक्टर, आणि स्वतःची पाठ मोडली तरी ओवा!

देवाजवळ आज एकच मागू या. देवा, आम्हाला सगळं कळू दे असं आम्ही म्हणत नाही. कळत नाही हे बोलून दाखवायची तेवढी लाज आमची काढून घे.

आरती होईल, प्रसाद घ्याल, घरी जाल. ताटावर बसाल. वाढणारीला विचारा, तुला काही दुखतंय का. आणि विचारताना ताटाकडं नका बघू, तिच्या तोंडाकडं बघा. ती म्हणेल, काही नाही.

तेव्हा जेवायला सुरुवात करू नका, मंडळी. पुन्हा विचारा.