दोन बोटं मोकळीक

गेटवरची : नाही काका, दाबून झालं, आडवी करून झाली. या चौकटीत पिशवी बसली, तरच ती विमानात हातात नेता येते. स्वस्त तिकिटाचा नियमच आहे तो.

शिंपीकाका : अशी कशी बसत नाही? चाळीस वर्षं शिंपीकाम करतोय मी. तिकिटावर माप छापलं होतं, त्या मापानं स्वतः शिवलीय ही. थांबा जरा... अरेरे!

गेटवरची : काय झालं?

शिंपीकाका : मापाच्या वर दोन बोटं मोकळीक सोडली हो. हाताची सवय! मोकळीक ठेवली नाही तर माणूस श्वास कसा घेणार?

गेटवरची : पिशवी श्वास घेत नाही, काका.

मागचा प्रवासी : अहो, आटपा की लवकर! आम्हालाही याच विमानानं जायचंय.

शिंपीकाका : तुम्ही व्हा हो पुढे. माझी पहिलीच खेप आहे, सांभाळून घ्या.

गेटवरची : पैसे भरलेत तर विमानाच्या पोटात टाकते पिशवी. पण रोख चालत नाही. कार्ड आहे का?

शिंपीकाका : कार्ड कुठलं आलंय! तिकीटसुद्धा लेकीनं पाठवलं. चार दिवसांनी परतीचंही काढलंय तिनंच. चार दिवसांना हातातली पिशवी पुरे, म्हणाली.

गेटवरची : मग काहीतरी बाहेर काढा. हा कोटच बघा केवढी जागा खातोय! सोडायला कोण आलंय तुम्हाला? फोन लावा, त्यांच्याकडे नेऊन देते.

शिंपीकाका : कुणी आलं नाही.

गेटवरची : शेजारपाजारचं कुणी?

शिंपीकाका : दाराला कुलूप घातलं, टॅक्सीत बसलो, आलो. बायको होती तेव्हा नाक्यावर जायचं तरी सांगून जायचो. आता कुणाला सांगायचं? कुलपाला?

गेटवरची : काका, दहा मिनिटांत दार बंद होईल. कोट राहू द्या इथे आणि चढा विमानात.

शिंपीकाका : माझे सदरे घ्या, टॉवेल घ्या, सगळी पिशवी ठेवून घ्या हवं तर. पण कोट सोडून मी जायचा नाही. लेकीला शिवलाय तो. रिकाम्या हातानं तिच्या दारात जाऊन काय बोलू मी?

गेटवरची : म्हणजे? लेकीशी बोलायला कोट कशाला लागतो?

शिंपीकाका : भांडणबिंडण नाही हो आमचं. आठवड्याला फोन यायचा तिचा, पण तो आईला. मी शेजारी बसून ऐकायचो, मधेच ‘बरी आहे ना?’ विचारायचो. आई गेली, आणि कळलं की बोलायची सवय अशी आम्हा दोघांना लागलीच नव्हती. कोट दाखवला की निदान बाही नीट आहे का, खिसा कुठे हवा, एवढं तरी बोलणं होईल.

गेटवरची : मग घाला ना अंगात! अंगावरचं काही आम्ही मोजत नाही.

शिंपीकाका : छे छे! दुसऱ्यासाठी शिवलेलं शिंप्यानं अंगाला लावायचं नसतं. चाळीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकाचा साधा सदरा घालून पाहिला नाही मी.

गेटवरची : मुलगी काय गिऱ्हाईक आहे तुमची?

(शिंपीकाका पिशवीतून कोट बाहेर काढतात.)

शिंपीकाका : धरा जरा ती पिशवी.

गेटवरची : हं... बघा, कोट काढल्यावर कशी बसली चौकटीत! घाला, घाला. लाजताय काय? इथे कोण ओळखतंय तुम्हाला?

शिंपीकाका : ते मात्र खरं बोललात. बटणं उलट्या बाजूला येतात हो. बायकांच्या कोटाला नेहमी डावीकडे लावत आलो, पण लावताना हात असा अडखळतो हे आज कळतंय.

गेटवरची : थांबा, मी लावते. ...अहो काका, हा तर तुमच्याही अंगात ढगळ होतोय! लेक एवढी धिप्पाड आहे का?

शिंपीकाका : नाही हो, काडी होती नुसती. वहीत माप आहे तिचं, पण ते ती तिकडे राहायला गेली तेव्हाचं.

गेटवरची : मग फोन करून विचारायचं होतं!

शिंपीकाका : दोनदा केला. एकदा घाईत होती. एकदा मीच म्हटलं, काही नाही, सहज केला.

गेटवरची : म्हणून अंदाजानं शिवलात? आणि मोकळीक केवढी सोडलीत ही?

शिंपीकाका : अकरा वर्षं बघितलं नाही तिला. किती सोडायची, ते कळेना.