कंपनीचा डबा

पाचोडच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक आई मुलीकडून इंग्रजीची वाक्यं करून घेत होती.

"'सिन्स' म्हणजे कधीपासून, 'फॉर' म्हणजे किती वेळ. कर बरं एक वाक्य."

"पप्पा हॅज नॉट गॉन टू द कंपनी सिन्स दिवाळी."

"दिवाळीपासून पप्पा कंपनीत गेले नाहीत? काहीही काय, श्रेया."

"काहीही नाय, मम्मी. खरंच."

"मग रोज डबा घेऊन कुठं जातेत?"

"शाळेमागच्या बागेत. शाळा सुटली की आम्ही दोघं मिळून खातो."

"तरीच घरी आल्यावर तुला भूक नसती. मला का नाय सांगितलं?"

"पप्पांनी शपथ घातली होती."

"बरं. उद्यापासून डब्यात दोन पोळ्या जास्त देते. त्यांना काय बोलू नको. बघू, अजून किती दिवस लपवतेत."