भिंतीपलीकडची नॅडीन

...अहो पण मला गोळ्या हव्या होत्या, फक्त गोळ्या! एक डबा घ्यायचा, गाडीत बसायचं, घरी यायचं... आमच्या रस्त्यावर लागोपाठ दोन घरं चोरांनी फोडली, आणि ओक्लाहोमात आमच्याकडे शेजार म्हणजे मैलभर लांब, ओरडलं तर फार तर गाई मान वर करतील! म्हणून कपाटातलं पिस्तूल काढलं, धूळ झटकली, आणि गेलो व्हर्नाबाईंकडे. पुढे दुकान, मागे नेमबाजीचं मैदान, आणि बाई तीस वर्षं पोलिसात काढून आलेल्या, हसायचं ते तिथंच जमा करून आल्या असाव्यात.

म्हटलं, "बाई, या पिस्तुलाच्या गोळ्या द्या."

"कशासाठी?"

आता कशासाठी! लोणचं घालणार आहे का मी? "घरात कुणी शिरलं तर..."

"मग या गोल टोकाच्या नकोत, डेलबर्ट, या सरावाच्या. आरपार जातात. चोरातून, भिंतीतून, पलीकडच्या माणसातून! या बघा, टोकाला खळगा. लागली की फुलते, बहुतेक तिथंच अडते. तुमच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?"

तुम्हीच सांगा, हा काय दुकानात विचारायचा प्रश्न झाला? दोन वर्षांत मला कुणी, काहीच विचारलं नव्हतं हो! आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बायको. नॅडीन. मी घोरतो ना, म्हणून ती पलीकडे."

नॅडीन टल्साला बहिणीकडे गेलीय. चार दिवसांसाठी म्हणून. त्याला दोन वर्षं झाली. जाताना पडदे घेऊन गेली... चार दिवसांना कुणी पडदे नेतं? मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी आपला शिडी धरून उभा!

तर मला गोळ्या हव्या होत्या, आणि बाईंनी शनिवारचा वर्ग गळ्यात मारला. "गोळी चांगली असून काय करायचंय, हात बघा कसा लटलटतोय!" झालं! दर शनिवारी नऊला हजर. "चापावरचं बोट काढा! दाराची बेल आहे का ती?" "घरात ठेवणार त्याच गोळ्या आधी इथं झाडून बघा. पिस्तुलात अडकतात का, ते काय चोरासमोर बघणार?" आणि सगळ्यात वर, "आवाज आला की शोधत फिरायचं नाही. आधी नॅडीनला हाक मारायची, ती कपाटामागे बसून पोलिसांना फोन लावेल, तुम्ही तिच्यापुढे, दाराकडे तोंड करून. घरी सराव करा. मोठ्यानं!"

आणि मी केला हो! हसा, हसा... पिस्तूल कुलपातच ठेवलं, नुसते हात पुढे केले आणि ओरडलो, "नॅडीन! कपाटामागे!" दोन वर्षांनी ते नाव घरात मोठ्यानं... मग बराच वेळ तसाच उभा राहिलो. उत्तराची वाट बघत नव्हतो, छे! गुडघा धरला होता.

पुढच्या शनिवारी बाई म्हणाल्या, "तिलाही आणा, तिलाही यायला हवं." म्हटलं, सर्दी झालीय. त्याच्या पुढच्या शनिवारी खोकला. मग ताप. मला गोळ्या हव्या होत्या, आणि मी तिला न्यूमोनियापर्यंत नेऊन बसलो!

रविवारी दुपारी दार वाजलं. व्हर्नाबाई! हातात पातेलं. "चिकन सूप. कुठंय ती?" आणि मी नको नको म्हणेपर्यंत सरळ भिंतीपलीकडच्या खोलीत. उघडी गादी, बिनपडद्याच्या खिडक्या.

"डेलबर्ट, इथं कुणी नाही."

"नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

वाटलं, आता पोलिसी आवाज निघणार. बाईंनी भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि हळूच म्हणाल्या, "तरी त्याच गोळ्या ठेवा. उद्या कुणी येऊन झोपलं तर?" दारातून मात्र ओरडल्याच, "शनिवारी नऊला! पहिल्या धड्यापासून!"

गेल्या. सूप दोघांचं होतं. मी दोन वाट्या काढल्या... मग एक परत ठेवली. उगाच धुवायची कुणी?